प्रोजेक्ट झोंबॉइड लिनक्सवर: गाडी चालवताना गेम फट्‌कन बंद होतो, आणि जुनं जगही सापडत नाही

तापीकाठचा (यावल तालुका)

प्रश्न मोठा आहे, सांभाळून घ्या. रात्रीचे पावणेदोन वाजलेत. या आठवड्यात मोटरीची लाइट रात्रीची आहे, म्हणून केळीला पाणी सोडून मळ्यातल्या खोलीत बसलोय. ठिबक असल्यामुळे बांधावर उभं राहायचं काम नाही, पण मोटर कधी ट्रिप होईल याचा नेम नाही, त्यामुळे झोपताही येत नाही. या जागरणांनीच हिवाळ्यापासून मला प्रोजेक्ट झोंबॉइडचं वेड लावलंय.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुलै १९९३, अमेरिकेतलं केंटकी. साथ आली, माणसं मेली आणि उठून चालायला लागली. तुम्ही एकटे उरलात. यात जिंकणं असं काही नाहीच. तुम्ही मरणार हे गेम सुरुवातीलाच सांगून टाकतो, प्रश्न फक्त कसे आणि कितव्या दिवशी. थोड्या दिवसांनी टीव्हीवरचे कार्यक्रम थांबतात, मग लाइट जाते, नळ जातो. आमचा पुण्याचा मावसभाऊ पहिल्या खेपेला तहानेने मेला, कारण पाणी भरून ठेवायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. मला कोणी शिकवावं लागलं नाही. आमच्याकडे नळ चौथ्या दिवशी येतो. केंटकीतल्या त्या घरात शिरल्याबरोबर मी पातेली, बाटल्या, कॉफीचे मग, जे हाताला लागलं ते भरलं. आई मागून बघत होती. म्हणाली, "एवढं घरात केलं असतं तर."

आता मशीन. सेकंडहँड लॅपटॉप, पाचव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, २५६ जीबी एसएसडी. बॅटरी वीसेक मिनिटं टिकते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ११ या मशीनवर चढत नाही, म्हणून दिवाळीत विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ टाकला, एक्सएफसीईवाला (म्हणजे हलक्या डेस्कटॉपचा). माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिथली सगळी कामं त्यावर होतात, प्रिंटरसुद्धा पहिल्या झटक्यात लागला. तक्रार नाही.

गेमचं मात्र असं झालंय.

एक. सुरुवातीला गेम अडखळायचा, म्हणून एका व्हिडिओत बघून स्टीममध्ये (गेम घ्यायचं आणि चालवायचं ॲप) प्रोटॉनची (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी सोय) खूण केली. त्यावर तीन आठवडे खेळलो. माझा बापू (माझ्या माणसाचं नाव) रिव्हरसाइड गावात ४७ दिवस जगला. पावसाचं पाणी धरायला पिंपं, गच्चीवर कोबी-बटाटे, सगळा संसार उभा केला. मग दुसऱ्या व्हिडिओवाल्याने सांगितलं, प्रोटॉन काढ, हा गेम लिनक्सवर थेट चालतो. काढला. आणि जगच गायब! लोड करायला गेलो तर यादी रिकामी. दोन दिवस मी कोणाशी नीट बोललो नाही.

दोन. नवीन जग चालू केलं. याच दुसऱ्या व्हिडिओत एका फाइलमध्ये मेमरी वाढवायला सांगितली होती, तीही वाढवली. पायी फिरताना गेम मख्खन चालतो. पण गाडी काढली आणि हायवेला लागलो की पाच-दहा मिनिटांत विंडो फट्‌कन बंद. मेसेज नाही, एरर नाही, डायरेक्ट डेस्कटॉप. काल तर बॅगेत औषधं होती. परत सुरू केलं तेव्हा बापू (दुसरा) पंधरा मिनिटं मागे आणि बॅग रिकामी.

तीन. लॅपटॉप तापतो. दिवसा आमच्याकडे ४४ आहे, रात्रीसुद्धा खोलीचा पत्रा हात लावू देत नाही.

हे उन्हामुळे होतंय, व्होल्टेजमुळे, लिनक्समुळे, की माझ्या नशिबामुळे?

---

पेंग्विन_धुळेकर

भाऊ, मिंट काढून टाका. गेमिंगसाठी आर्च किंवा फेडोरा घ्या (लिनक्सचेच दुसरे प्रकार), कर्नल (लिनक्सचा गाभा) नवीन मिळतो, मेसा (ग्राफिक्सचा ड्रायव्हर) नवीन मिळतो. मी दोन वर्षांपासून आर्चवर आहे, एकही गेम अडलेला नाही. एक्सएफसीई पण जुनं झालं.

बाकी ४४ डिग्रीत पत्र्याखाली? हाऊ लॅपटॉप शे का चुल्हा?

---

रावेरकर

चुल्हाच म्हणा भो. आमच्याकडे या दिवसांत बिबडे (ज्वारीचे पापड) गच्चीवर टाकले की दुपारपर्यंत कडक. लॅपटॉपवर टाकून पाहा, पंख्याचं वारं आयतं मिळेल.

उत्तर माहीत नाही, पण धागा फॉलो करतोय. माझाही गेम असाच बंद होतो.

---

जुनी_मशीनं (जळगाव)

तापीकाठच्या मित्रा, आधी काहीच बदलू नकोस. डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) तर अजिबात नको. धुळेकर, रागवू नका, पण दुकान चालवणाऱ्या माणसाच्या चालत्या मशीनवर आर्च टाकायला सांगणं म्हणजे पाय मुरगळला म्हणून पाय बदलायला सांगणं. त्याचा प्रिंटर लागलाय, त्याला सुखाने जगू द्या.

तुझे तीन प्रश्न तीन वेगवेगळ्या कारणांचे आहेत आणि तू त्यांची एकत्र मोट बांधलीस. मी बावीस वर्षं लॅपटॉप उघडतोय, लोक नेहमी असंच करतात.

उन्हाचं आधी बोलतो, कारण ते माझं घरचं काम. मशीन जास्त तापलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. गेम रखडतो, चित्र तुटक दिसतं. त्याहून तापलं तर अख्खं मशीन बंद पडतं, स्क्रीन काळी. ऊन एकट्या गेमची विंडो वेचून बंद करत नाही. व्होल्टेजही करत नाही. तुझा डेस्कटॉप शाबूत राहतो आणि फक्त गेम जातो, म्हणजे गेमला कोणीतरी मारतंय.

मारणारा बहुतेक कर्नलच आहे. लिनक्समध्ये रॅम आणि स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची राखीव जागा) दोन्ही भरले की कर्नल सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेला प्रोग्राम हेरतो आणि त्याला संपवतो, नाहीतर सगळं मशीनच गोठेल. त्या प्रोग्रामला एक शब्द बोलायची संधी मिळत नाही, म्हणून तुला मेसेज दिसत नाही. पण पुरावा मागे राहतो. पुढच्या वेळी असं झालं की मशीन रीस्टार्ट न करता टर्मिनल उघड आणि 'सुडो डीमेसग' ही कमांड दे (अर्थात इंग्रजी अक्षरांत). शेवटच्या ओळींमध्ये 'आउट ऑफ मेमरी' आणि त्यापुढे 'किल्ड प्रोसेस' दिसलं तर माझा अंदाज बरोबर.

आता सांग, त्या फाइलमध्ये किती आकडा टाकलास?

---

तापीकाठचा

काका, ७००० च्या वर काहीतरी. व्हिडिओत सांगितलं होतं की जेवढी रॅम आहे त्यातली एक जीबी सोडून बाकी सगळी द्यायची. ३०७२ होतं तिथे ७१६८ केलं. जास्त दिली तर जास्त चांगलं चालेल ना?

---

जुनी_मशीनं

सापडलं!

गेम जावामध्ये लिहिलेला आहे. तो आकडा म्हणजे जावाला दिलेलं अंगण: यापलीकडे पसरू नको. अंगण छोटं असलं की बाई दिवसातून चारदा झाडते. दहा गुंठ्यांचं दिलं तर म्हणते, साचू दे, संध्याकाळी बघू. जावाचं अगदी तसंच आहे. वापरून झालेला माल तो लगेच फेकत नाही, जागा संपत आली की मग जोर लावून कचरा काढतो. तू त्याला ७ जीबी दाखवलेस, तो निवांत पसरत गेला. इकडे मशीनमध्ये एकूण ८. त्यातूनच तुझं बिनकार्डाचं ग्राफिक्स आपला वाटा उचलतं, मिंटला स्वतःला पाऊण-एक जीबी लागते, आणि वर तू ब्राउझर उघडा ठेवत असशील. शिवाय तो आकडा फक्त अंगणाचा. जावा अंगणाबाहेरही सामान ठेवतो, चित्रांचे पोत वगैरे, ते वेगळंच.

गाडीतच का होतं? हा गेम नकाशा छोट्या छोट्या चौकोनी तुकड्यांनी उचलतो. पायी चालताना हळूहळू नवे तुकडे येतात, मागचे सोडले जातात. हायवेवर साठच्या वेगाने निघालास की तुकड्यांची नुसती रीघ लागते आणि कचरा काढायला उसंत नसते. भरलं, मेलं.

आकडा ४०९६ कर, त्यापुढे नको. ३०७२ वर परत नेलंस तरी चालेल. एक लक्षात ठेव, स्टीमने गेम अपडेट केला किंवा फाइली तपासल्या की ही फाइल पुन्हा मूळ रूपात येते, तेव्हा तुझा बदल उडाला तर घाबरू नको. गेमच्या वेळी ब्राउझर पूर्ण बंद. आणि सॉफ्टवेअर मॅनेजरमधून झेडरॅम टाकून घे. तो रॅममधलाच एक भाग दाबून, घडी घालून वापरतो, ८ जीबीवाल्यांना पुष्कळ फरक पडतो. तुझ्या लॅपटॉपात रॅमचा दुसरा खाच रिकामा असेल तर जुनी ८ जीबीची पट्टी शोध, हा कायमचा इलाज.

पंखा मात्र साफ करून घे. तू गेम बंद पडण्याचं कारण शोधतोयस म्हणून ऊन निर्दोष सुटलं, पण मशीन त्याने झिजतंच. आपल्या भागात धूळ एकटी येत नाही, जिनिंगचा कापूस सोबत घेऊन येते. गेल्या महिन्यात एका पंख्यातून मी इतकी रुई काढली की बायकोने तिची वात वळून दाखवली. ती रुई पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे नमद्यासारखी बसते. वरून फुंकर मारून निघत नाही, खालचं झाकण उघडावंच लागतं. आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नको, दोन फरशीचे तुकडे घे आणि त्यावर उचलून ठेव.

---

सातपुडी (शिरपूर)

पहिल्या बापूचं कोणी काही बोलतच नाहीये. ४७ दिवस जगलेला माणूस आहे तो!

तापीकाठच्या, तो मेला नाही. तू प्रोटॉनची खूण काढलीस तेव्हा स्टीमने गेम पुन्हा उतरवला का? उतरवलाच असणार, कारण प्रोटॉनवर तू विंडोजची आवृत्ती खेळत होतास आणि आता लिनक्सची खेळतोयस. दोघांची घरं वेगळी. लिनक्सवाला गेम सेव्ह ठेवतो तुझ्या होम फोल्डरमधल्या 'झोंबॉइड' नावाच्या फोल्डरमध्ये. प्रोटॉनवाला मात्र आपल्या पोटात एक खोटं विंडोज उभारतो, खोटी सी ड्राइव्ह, त्यात खोटा वापरकर्ता, आणि बापू त्या खोट्या घरात बसलाय.

होम उघड, कंट्रोल आणि एच दाब म्हणजे लपलेले फोल्डर दिसतील. मग असं जा: डॉट लोकल, शेअर, स्टीम, स्टीमॲप्स, कॉम्पॅटडेटा. आत नुसत्या आकड्यांचे फोल्डर दिसतील. झोंबॉइडचा आकडा १०८६००. त्यात पीएफएक्स, मग ड्राइव्ह सी, युजर्स, स्टीमयुजर, झोंबॉइड, सेव्हज. तिथलं जग उचलून होममधल्या झोंबॉइडच्या सेव्हजमध्ये ठेव. कापून नको, कॉपी कर. आधी गेम बंद असू दे. जावाचा गेम असल्याने सेव्हला विंडोज-लिनक्स काही फरक पडत नाही. मॉड (इतर खेळाडूंनी बनवलेली गेममधली भर) वापरत होतास तर तेच मॉड चालू ठेवून मगच लोड कर, नाहीतर मॉडचं सामान जगातून उडेल.

मॉडवरून आठवलं. विंडोजला फाइलच्या नावातलं मोठं अक्षर आणि लहान अक्षर सारखंच वाटतं, लिनक्सला नाही. काही मॉड बनवणारे कोडमध्ये एक लिहितात आणि फाइलला दुसरं नाव देतात. त्यांच्याकडे चालतं, आपल्याकडे मॉड अर्धवट लागतो किंवा लागतच नाही. मी तीन दिवस एका बॅगेच्या मॉडपायी डोकं फोडलं होतं, शेवटी फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर लहान केलं आणि बॅग पाठीवर दिसली. एखादा मॉड रुसला तर होममधल्या झोंबॉइड फोल्डरात 'कन्सोल' नावाची टेक्स्ट फाइल असते, ती वाच. कुठली फाइल सापडत नाही ते तिथे लिहिलेलं असतं.

अजून एक, सेव्ह पेनड्राइव्हवर ठेवताना आधी त्याची एक झिप बनव. एका जगात हजारो चिमुकल्या फाइली असतात, सुट्या कॉपी करायला लागलास तर सकाळचा चहा होईल.

---

पेंग्विन_धुळेकर

जुनी_मशीनं काका, पाय बदलायचं उदाहरण जरा जास्तच झालं. पण ठीक. मेमरीचं मी वाचलंच नव्हतं, मान्य. प्रोटॉनबद्दल एवढंच सांगतो की तो वाईट नाही. २०१८ मध्ये स्टीमवाल्या वाल्व कंपनीने आणला म्हणून तर आपण लिनक्सवर विंडोजचे एवढे गेम खेळतोय. फक्त ज्या गेमचं लिनक्स रूप आहे आणि नीट चालतं, तिथे गरज नाही. तापीकाठच्या, स्टीमची लायब्ररी जुन्या विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर नाही ना ठेवलीस? तिथे प्रोटॉन हमखास नखरे करतो.

---

तापीकाठचा

नाही, विंडोज पूर्ण पुसलं होतं.

---

रावेरकर

सातपुडी ताई, माझ्याकडे तर ४ जीबीच रॅम आहे. मी किती आकडा टाकू?

---

सातपुडी

भाऊ, ४ जीबीत झोंबॉइड म्हणजे रिक्षात ऊस भरणं. चालेल, पण कुठेतरी सांडेल. तुम्ही 'कॅटॅक्लिझम: डार्क डेज अहेड' खेळून बघा. फुकट आहे, कोड खुला, २०१३ पासून जगभरची मंडळी मिळून वाढवतायत. जग बुडाल्यानंतरचंच, पण न्यू इंग्लंडमध्ये. चौकोनी चित्रांवर चालतो, हवं तर नुसत्या अक्षरांवर टर्मिनलमध्येसुद्धा. पाळीपाळीने चालतो, म्हणजे तुम्ही बटण दाबेपर्यंत झोंबीही थांबून राहतो. मध्येच उठून कुकर बंद करून येता येतं, हा गुण मला फार आवडतो. पहिले दोन दिवस कुठलं बटण कशाचं हे कळणार नाही. तिसऱ्या दिवशी पहाट कधी झाली ते कळणार नाही.

---

रावेरकर

उतरवतोय. अक्षरांवाला चालला तर घरच्यांना काम करतोय असं वाटेल, हा बोनस.

---

तापीकाठचा

दोन रात्रींनंतर येतोय. क्रमाने सांगतो.

काकांनी सांगितलं तसं मुद्दाम काहीही न बदलता आधी गाडी काढली. आठव्या मिनिटाला विंडो गेली. डीमेसग मारलं. शेवटून तिसऱ्या ओळीत 'आउट ऑफ मेमरी', 'किल्ड प्रोसेस', आणि पुढे कंसात झोंबॉइडचंच नाव. स्वतःच्या हाताने खून करून पोलिसात तक्रार द्यायला गेल्यासारखं वाटलं. आकडा ४०९६ केला, ब्राउझर बंद, झेडरॅम टाकला. मग रिव्हरसाइडहून वेस्ट पॉइंटपर्यंत गाडी न थांबवता नेली. मधे एकदा झाडावर आपटलो, पण ते माझं कौशल्य. गेम चालूच होता.

पंखा अजून साफ केलेला नाही. झाकणाच्या स्क्रूंपैकी एकाची खाच झिजलीय, जळगावला आलो की काकांकडेच आणतो. तोवर फरशीचे तुकडे ठेवलेत, कोटा आहे, गारही लागते.

आणि बापू सापडला. १०८६०० च्या पोटात, ताईंनी सांगितलं तिथेच. कॉपी करून लोड केलं तर स्वयंपाकघरात उभा, हातात कोबी, पावसाचा आवाज चालू. मी महिनाभर त्याला मेलेला समजत होतो आणि त्याच्याकडे एक मिनिटही पुढे सरकलं नव्हतं. आईला दाखवला. ती म्हणाली, बारीक झालाय.

आता त्याच्याकडे लाइट गेलेली आहे. जनरेटर मिळालाय, तो चालवायचं मासिकही वाचून झालंय. पण पेट्रोल संपत आलंय. गावातल्या पंपावर गेलो तर पंप पेट्रोल देत नाही, टाकी रिकामी असेल का? आणि जनरेटर चोरीला जायची भीती नसेल तर घरात ठेवला तर चालतो का, बाहेर आवाज फार होतो.

---

सातपुडी

घरात अजिबात नको!! धुराने झोपेत मरशील, झोंबीची गरजच नाही. बाहेर ठेव, अंगणाला कुंपण घाल.

पंपाची टाकी भरलेलीच असेल. पंप लाइटवर चालतो ना बाबा. जनरेटर उचलून पंपाजवळ नेऊन ठेव, त्यात थोडं पेट्रोल शिल्लक ठेव, चालू कर, मग भर डबे. तुमच्या विहिरीचंच गणित आहे, पाणी आहे पण लाइट नाही. आणि आवाज होणारच, तेव्हा आजूबाजूचे आधी साफ करून घे. चावा बसला तर इलाज नाही, शंभर टक्के. नुसतं खरचटलं तर ७ टक्के, कातडी फाटली तर २५. बापूला जाड जॅकेट घाल, ऊन असलं तरी.

---

तापीकाठचा

समजलं. जनरेटर गाडीच्या डिकीत टाकतोय, पंपाकडे निघालो

थांबा, इकडची मोटर बंद पडल्यासारखी वाटतेय. ठिबकचा आवाज थांबलाय. बघून येतो.